मोठा ससा ट्रे सोडून पुन्हा पुन्हा बाहेर करतो, तेव्हा

आठ-दहा दिवस सगळं छान चालतं. मूत ट्रेमध्ये, लेंड्या ट्रेमध्ये, आपण खूश. मग एका सकाळी ट्रेपासून वीतभर अंतरावर फरशीवर पिवळसर थारोळं दिसतं. पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग सगळं पहिल्यापासून करायचं, पुन्हा आठ-दहा दिवस बरे जातात, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आमच्या बोक्याच्या बाबतीत (ससाच आहे, नाव आधीच्या घरून घेऊन आला) हे वर्षभरात तीनदा झालं. तो आला तेव्हा सहा वर्षांचा होता, नसबंदी झालेला, आणि 'ट्रे वापरतो' एवढीच माहिती सोबत आली होती. तिन्ही वेळा दिसायला प्रकार एकच, पण कारण दर वेळी वेगळं निघालं. पहिल्या वेळचा उपाय दुसऱ्या वेळी का चालत नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

'एवढ्या मोठ्या सशाला आता काय वळण लागणार' असं बरेच जण म्हणतात. त्यात तथ्य नाही. पिल्लापेक्षा मोठा ससा लवकर शिकतो. पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की हार्मोन्स जागे होतात आणि तोवर शिकलेलं सगळं वाहून जातं. नसबंदी झालेला मोठा ससा त्यातून पार पडलेला असतो. शिवाय ठरलेल्या जागी जाणं हा त्याचा मूळ स्वभावच. मराठीत आपण रानातल्यालाही ससा म्हणतो आणि घरातल्यालाही, पण हे दोन वेगळे प्राणी. आपल्या रानातला ससा उघड्यावर राहतो, गवतात खळगा करून बसतो. पाळीव ससे मात्र सगळे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या, टोळीने नांदणाऱ्या सशाचे वंशज. ते ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतात, आणि हे ढीग हद्दीच्या दगडांसारखे असतात: इथून पुढे आमचं. त्यामुळे आपल्याला त्याला नवीन काही शिकवायचं नसतं. त्याची पसंतीची जागा आणि आपल्याला चालणारी जागा एक करायची, एवढंच काम. ते एकदा जमून पुन्हा बिघडलं, तर तो विसरला असं धरून चालू नका. काहीतरी बदललेलं असतं.

आधी बाहेर काय पडलंय ते नीट बघा

पुसायच्या घाईत आपण हेच बघत नाही. तीन गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे.

सुट्या, कोरड्या, गोल लेंड्या असतील तर फार मनावर घेऊ नका. ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्यातल्या पाच-दहा बाहेर घरंगळल्या, उडी मारताना पडल्या, तर तो पूर्ण शिकलेलाच ससा समजा. नव्या खोलीच्या उंबऱ्यावर किंवा नवीन गालिच्यावर मुद्दाम पेरल्यासारख्या दिसल्या तर ती खूण आहे. सशाच्या गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा वास लेंड्यांना लागलेला असतो. घरात दुसरा प्राणी आला, सामान हलवलं, पाहुणे राहून गेले की ही पेरणी वाढते आणि बहुधा आपोआप कमी होते. झाडू फिरवायचा, लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकायच्या.

मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले आणि वास मारणारे गोळे दिसले, तर त्याचा ट्रेशी काही संबंधच नाही. हे त्याचं दुसऱ्या फेरीचं अन्न. एरवी ससा खाली वाकून ते थेट तोंडात घेतो, आपल्याला दिसतही नाहीत. ते मागे राहायला लागले म्हणजे एकतर पेलेट (दुकानात मिळणारं सशांचं गोळ्यांचं खाणं) आणि गोड खाऊ जास्त होतोय आणि वाळलेलं गवत कमी पडतंय, किंवा तो इतका लठ्ठ झालाय, किंवा त्याचं अंग इतकं दुखतंय, की तिथवर वाकता येत नाही. मी या गोळ्यांपायी आठवडाभर ट्रेची जागा बदलत बसले होते. खाऊ बंद केल्यावर चार दिवसांत थांबलं.

खरा प्रश्न मुताचा. पुढचं सगळं त्याबद्दलच.

ट्रेच्या अगदी शेजारी, रोज त्याच जागी

ही आमची पहिली फेरी. मी गवत बदललं, ट्रेखालचा कागद बदलला, काही फरक नाही. शेवटी एका सकाळी मी जमिनीवर आडवी झाले आणि नुसतं बघत राहिले. बोका आला, ट्रेमध्ये चढला, दोनदा वळला. मग शेपूट वर केली आणि मागे सरकायला लागला. ससे असंच करतात: पाठीला काहीतरी टेकेपर्यंत मागे जातात आणि मग सोडतात. मागे सरकता सरकता त्याचं बूड ट्रेच्या कडेवरून बाहेर आलं, आणि सगळं फरशीवर. चारही पाय आत. त्याच्या हिशेबाने त्याने ट्रेमध्येच केलं होतं.

दोष ट्रेचा होता. सशांसाठी म्हणून जो तिकोनी, कोपऱ्यात बसणारा ट्रे विकतात, तो पूर्ण वाढलेल्या सशाला पुरत नाही. ससा आत पूर्ण वळू शकला पाहिजे आणि अंग सैल सोडून बसू शकला पाहिजे. कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा आयताकृती डबा घ्या, तीन बाजू उंच ठेवा आणि एक बाजू खाली कापा. मागची भिंत उंच असली की तिला बूड टेकतं आणि काम आतच होतं. आमच्याकडे हा डबा आला त्या दिवसापासून ते थारोळं बंद झालं. पहिल्या फेरीचा उपाय एवढाच.

डब्यात काय भरता तेही बघा. कागदाच्या गोळ्या किंवा ओल्या झाल्यावर भुसा होणाऱ्या लाकडी गोळ्या चांगल्या. त्या वास धरून ठेवतात. मांजरांसाठीची ओली झाल्यावर घट्ट गोळा होणारी वाळू सशाला अजिबात वापरू नका. ससा ट्रेमध्ये बसून खातो, चार कण तोंडात जातातच, आणि जे ट्रेमध्ये घट्ट होतं ते पोटातही होतं. देवदार आणि पाइनच्या कच्च्या लाकडाचा सुवासिक भुसाही नको, त्यातली द्रव्यं यकृताला त्रास देतात. थर बोटाच्या एका पेराएवढा पुरतो. ससा मांजरासारखं उकरून झाकत नाही, त्यामुळे वाळूचे डोंगर करण्यात फक्त आपले पैसे जातात. तळाला उघडी तारेची जाळी ठेवू नका. सशाच्या तळव्याला मांजर-कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात, आणि जाळीवर बसून तिथे जखमा होतात.

आणि गवत. माझं मत विचाराल तर बाकी सगळं एका पारड्यात आणि हे दुसऱ्या. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. तोंड आणि मागची बाजू एकाच वेळी चालू असते. म्हणून वाळलेल्या गवताचा भारा ट्रेच्या एका टोकाला, नाहीतर वर टांगलेल्या जाळीत, असा ठेवा की तो खायला त्याला आत बसावंच लागेल. गवत दुसऱ्या कोपऱ्यात आणि ट्रे या कोपऱ्यात, अशी मांडणी असलेल्या घरात ट्रे ओस पडलेला दिसतो. गवत रोज ताजं घाला. मुताने भिजलेलं तो खाणार नाही, आणि मग आत यायचं कारणही उरणार नाही.

मी ट्रे फार स्वच्छ ठेवत होते

दुसरी फेरी माझ्या टापटिपीतून आली. डबा मोठा, गवत आत, सगळं व्यवस्थित. घरात वास येऊ नये म्हणून मी रोज ट्रे रिकामा करून सुवासिक क्लीनरने घासत होते, उन्हात वाळवत होते. तीन आठवड्यांनी बोक्याने कपाटाच्या मागचा कोपरा धरला.

त्याच्या नाकाने विचार केला तर साधं आहे. ट्रेला फुलांचा उग्र वास येतोय, त्याचा स्वतःचा वास कुठेच नाही. कपाटामागे मात्र मी परवा ओल्या फडक्याने वरवर पुसलेल्या जागेला त्याचाच वास येतोय. मग कुठे जायचं?

सगळं उलटं करावं लागलं. ट्रे कमी स्वच्छ आणि फरशी जास्त. ट्रेमधलं भिजलेलं रोज काढते, पण मूठभर लेंड्या आणि मुताने भिजलेल्या कागदाचा तुकडा नव्या थरावर परत ठेवते. पूर्ण धुते आठवड्यातून एकदाच, आणि तेही साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन. सशाच्या मुतात कॅल्शियम भरपूर असतं, कारण अन्नातलं जास्तीचं कॅल्शियम तो लघवीवाटे टाकतो. ट्रेवर पांढरा टणक थर बसतो तो त्याचाच. साबणाला तो दाद देत नाही. व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवलं की सुटतो. बाहेरची जागा मात्र त्याच व्हिनेगरने दोन-तीनदा, फटी आणि भिंतीच्या कडेसकट घासायची. अमोनिया असलेले क्लीनर वापरू नका. मुताच्या वासात अमोनियाच असतो, म्हणजे आपण त्या जागेवर पाटी लावून देतो.

कपाटामागे मी तात्पुरता दुसरा ट्रे ठेवला. यावर घरात वाद झाला ('त्याचेच लाड'), पण सशाने एखादा कोपरा ठरवला की त्याच्याशी भांडण्यात राम नाही. आधी तिथे ट्रे द्या, आठवडाभर तो नियमित वापरू दे, आणि मग रोज चार बोटं सरकवत आपल्याला हव्या त्या जागी आणा. एकदम उचलून नेलात तर तो कोपऱ्यातच जाईल, ट्रेमागे येणार नाही.

पलंग आणि सोफा

पलंगावर करणारा ससा रागाने करतो असं वाटतं. तसं काही नसतं. मऊ, शोषून घेणारी जागा त्याला पायाखाली ट्रेसारखीच लागते, आणि आपला वास तिथे सगळ्यात जास्त असल्याने त्यावर स्वतःचा वास चढवायची ओढही असते. यावर समजावणं वगैरे चालत नाही. तीन-चार आठवडे पलंगाची वाट पूर्ण बंद करा, गादीला पाणी न झिरपणारं आवरण घाला, आणि नंतर सोडलात तरी ट्रे वापरून झाल्यावर थोडाच वेळ सोडा. काही सशांना पलंग कायमचा बंदच ठेवावा लागतो. बोका त्यातला आहे.

नसबंदी झालेली नसेल तर

मग वरचं सगळं करूनही गाडी रुळावर राहणार नाही, हे स्पष्ट सांगते. वयात आलेला नर उडी मारत भिंतीवर, माणसावर, दुसऱ्या सशावर फवारा मारतो. माद्याही हद्द राखायला मुताच्या खुणा करतात. तिथे शिकवण्याचा प्रश्नच नाही. ऑपरेशननंतर हार्मोन्स उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा आठव्या दिवशी 'काही उपयोग झाला नाही' म्हणून निराश होऊ नका. मादीच्या बाबतीत ट्रे ही दुय्यम गोष्ट आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढत जातं तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण खूप मोठं आहे. सशांची ऑपरेशनं नेहमी करणारा पशुवैद्यच शोधा. एक खूण सांगते: ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवा असं सांगणारा डॉक्टर सशांचा नव्हे. सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे मांजर-कुत्र्यासारखा उपास लागत नाही, आणि रिकामं पोट त्याला घातक ठरतं.

पुन्हा पहिल्यापासून करताना

जागा लहान करा. मोठा ससा पाळणाऱ्यांची चूक हीच असते, की चार दिवस बरे गेले की अख्खं घर खुलं. एका खोलीचा कोपरा कुंपणाने अडवा, आत ट्रे, गवत, पाण्याचं भांडं, लपायला खोका. तिथे आठवडाभर एकही थारोळं बाहेर झालं नाही की कुंपण थोडं सरकवा. बिघडलं तर एक पाऊल मागे. मोठ्या जागेत दुसरा ट्रे हवाच. दोन ससे असतील तर आणखी एक.

त्याच्यावर नजर ठेवा. एका जागी थांबला, अंग किंचित पसरलं, शेपूट वर गेली, की तुमच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. हलकेच टाळी वाजवून, हाताने वाट दाखवून ट्रेकडे वळवा. उचलून नेऊ नका. सशाला उचललेलं मुळातच आवडत नाही, आणि ट्रे म्हणजे पकडून कोंबायची जागा हे त्याच्या डोक्यात बसलं की संपलं. ट्रेमध्ये केलं की तिथल्या तिथे कोथिंबिरीची एक काडी. ओरडणं, नाक घासणं, पाणी उडवणं यातलं काहीच करू नका. ससा हा कुणाचं तरी भक्ष्य म्हणून जगलेला प्राणी आहे. शिक्षेतून त्याला एवढंच कळतं की तुम्ही धोकादायक आहात, आणि मग तो तुमच्यापासून लपून करतो. कपाटामागे.

ट्रे उकरून सगळं बाहेर उडवणाऱ्या सशाला बाहेर दुसरा खोका द्या, फाडलेल्या कागदांनी भरलेला. बहुतेकांना उकरायचंच असतं, ट्रेच उकरायचा असं नसतं.

सगळं नीट असूनही बिघडलं

तिसरी फेरी. डबा तोच, गवत तिथेच, जागा तीच, घरात काही नवीन नाही. तरी थारोळं ट्रेच्या तोंडाशी. पुन्हा आडवी होऊन बघितलं. बोका ट्रेपाशी आला, पुढचे दोन पाय कडेवर ठेवले, आणि थांबला. मागचे पाय उचलायची तयारी केली, पाठीतून एक झटका गेल्यासारखं झालं, आणि त्याने पाय परत खाली घेतले. पुढचे पाय ट्रेमध्ये, मागचे फरशीवर, तसंच केलं. मागच्या मांड्यांच्या आतले केस ओले होते आणि त्याखाली कातडी लाल.

एक्स-रेमध्ये मणक्याला आणि कंबरेच्या सांध्यांना संधिवात निघाला. तो पायरी चढू शकत नव्हता आणि मी ट्रे घासत बसले होते.

म्हणून, नीट वापरणारा मोठा ससा अचानक बिघडला आणि वरचं काही लागू होत नसेल, तर ट्रे सोडा आणि डॉक्टर गाठा. पुन्हा पुन्हा थोडं थोडं होतंय, बसताना कुंथतोय, मागचा भाग सतत ओला आहे, लघवी टूथपेस्टसारखी घट्ट पांढरी येतेय, ही मूत्राशयातला गाळ, खडा किंवा संसर्ग यांची लक्षणं असू शकतात. नुसत्या रंगावरून घाबरू नका: सशाची लघवी पिवळी, केशरी, तपकिरी, अगदी लालसरही असते, पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे. सगळं थारोळं एकसारखं लालसर असेल तर बहुधा तेच; पिवळ्या लघवीत वेगळे लाल ठिपके किंवा रेघा दिसल्या तर रक्ताची शंका घ्या. पक्कं तपासणीतच कळतं. मान एका बाजूला कलली, मागचे पाय लटपटायला लागले आणि लघवीवरचा ताबा गेला, तर मज्जासंस्था आणि मूत्रपिंडांवर हल्ला करणाऱ्या एका परजीवीची तपासणी करून घ्या. आणि दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट बघू नका, तो तातडीचा प्रसंग आहे. घरात उरलेलं अँटिबायोटिक परस्पर देऊ नका. माणसाला चालणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससाही दगावू शकतो.

जाताना फोनवर त्याचा ट्रेमध्ये चढतानाचा व्हिडिओ घेऊन जा. डॉक्टरांच्या टेबलावर ससा दगडासारखा बसतो, दुखणं दाखवत नाही. आमच्या डॉक्टरांनी तो दहा सेकंदांचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि मगच कंबरेवर हात ठेवला.

बोक्याला आता रोज वेदनाशामक आहे. डब्याची पुढची कड मी आणखी कापली, फरशीपासून जेमतेम दोन बोटं उंच ठेवली, आणि बाहेर न घसरणारी चटई टाकली. दुसऱ्याच दिवशी तो आत गेला. तुम्ही कापलीत तर कडेला जाड कापडी चिकटपट्टी लावा, आणि ती डब्याच्या बाहेरून पूर्ण चिकटवा. आमची एक बाजू सुटी राहिली होती, ती त्याने ओढून काढली आणि उघड्या धारेवर तळवा घासून घेतला.